पेठेतलं बेसमेंट आणि शेजारची भिंत : खोदाईला आधार देण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जागा पुण्यातल्या नदीकडच्या एका जुन्या पेठेतली. ओळख पटू नये म्हणून माणसांची नावं गाळली आहेत आणि काही मापं थोडी बदलली आहेत. जमीन आणि घटनांचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे.

प्लॉट साधारण १८ मीटर रुंद आणि २९ मीटर खोल. त्यावरचा वाडा पाडून खाली दुकानं, वर सात मजले आणि पार्किंगसाठी एक बेसमेंट अशी इमारत उभी करायची होती. राफ्टच्या, म्हणजे इमारतीखालच्या सलग काँक्रीट पायाच्या, तळापर्यंतची खोदाई ५.५ मीटर, म्हणजे साइटच्या भाषेत अठरा फूट. उत्तरेला अगदी हद्दीवर शेजारचा दुमजली वाडा: लाकडी सांगाडा, मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती, खाली दगडी जोतं. पूर्वेला ऐंशीच्या दशकातली चार मजली आरसीसी इमारत, तिची फूटिंग जेमतेम १.८ मीटर खोल. पश्चिमेला गल्ली आणि गल्लीत पाण्याची लाइन, ड्रेनेज, विजेच्या केबल, सगळं एकमेकांच्या अंगावर. दक्षिणेला एका घराचं मोकळं परसू. चारही बाजूंमध्ये त्यातल्या त्यात निवांत तेवढीच.

बिल्डरची आधीची कामं कोथरूड आणि बावधनच्या डोंगरउताराला झालेली. तिथे हातभर मातीखाली मुरूम लागतो आणि मग खडक. पोकलेन लावायचा, उभा कट घ्यायचा, फूटिंग भरायची आणि बाहेर पडायचं. ‘मुरूम उभा राहतो’ हे वाक्य पुण्यातल्या खोदाईवाल्यांच्या तोंडी इतकं बसलेलं आहे की त्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. पाइलिंग, म्हणजे जमिनीत खोलवर खांब उतरवणं, म्हटलं की ते मुंबईचं काम. तिथे खाडीचा चिखल असतो, म्हणून पाइल खाली खडकात रुतवावी लागते. पुण्यात खडक पायाखालीच आहे, मग पाइल कशाला?

इमारतीचा भार पेलण्यापुरतं पाहिलं तर हे म्हणणं बरंचसं खरं आहे. या साइटवर मात्र मुद्दा इमारतीच्या भाराचा नव्हता. राफ्ट आणि बेसमेंटची भिंत तयार होईपर्यंतचे चार-सहा महिने शेजाऱ्यांची जमीन जागच्या जागी धरून ठेवायची होती. ती जबाबदारी कोणत्याच ड्रॉइंगवर नव्हती. स्ट्रक्चरल ड्रॉइंग तयार इमारतीची होती आणि ‘खोदाईच्या बाजूंना आवश्यक तो आधार कंत्राटदाराने द्यावा’ एवढी एक ओळ सामान्य टिपांमध्ये होती.

मातीची तपासणी झालेली होती. दोन बोअर, म्हणजे तपासणीची खोल भोकं, दोन्ही प्लॉटच्या मधोमध. कारण वाडा तेव्हा अर्धाच पाडलेला होता आणि मशिन फक्त चौकात उभं राहत होतं. अहवालात वरचा तीन मीटर भराव, त्याखाली दीड-दोन मीटर पिवळट गाळाची चिकणमाती, पाच मीटरच्या सुमाराला घट्ट मुरूम आणि साडेसहाला खडक. राफ्टसाठी लागणारी भारक्षमता दिलेली होती आणि ती बरोबरच होती. मातीचा आडवा दाब किती, भरावाचा घर्षणकोन (कण एकमेकांना किती धरतात याचं माप) किती, पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, हे कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून अहवालातही नव्हतं.

भरावातलं एसपीटीचं, म्हणजे जमिनीचा घट्टपणा मोजण्याच्या चाचणीचं, मूल्य २८ आलं होतं. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. २८ म्हणजे चांगली घट्ट माती असं वाटतं. पण पेठेच्या भरावात विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, जोत्याचे दगड असतात. नळी विटेवर बसली की ठोके वाढतात. कागदावरचा २८ त्या विटेचा होता. भरावाची खरी अवस्था त्यावरून कळण्यासारखी नव्हतीच.

अडचण

मार्चअखेर पोकलेन उतरला. दक्षिणेकडून सुरुवात झाली तेव्हा सगळं सुरळीत होतं. एप्रिलच्या शेवटी उत्तरेकडे तीन मीटरपर्यंत उभा कट गेला आणि शेजारच्या वाड्यातल्या काकांना पहिल्या मजल्यावर खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी तिरकी चीर दिसली. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. चिरेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. दोन दिवसांनी चीर रेघेच्या पुढे गेली, तेव्हा दुसरी रेघ आणि दुसरी तारीख. आम्हाला, म्हणजे जमिनीच्या आधाराचं डिझाइन करणाऱ्या आमच्या छोट्या ऑफिसला, बोलावलं तेव्हा भिंतीवर अशा पाच रेघा होत्या. या प्रकरणात शेजारच्या घराची म्हणून जी काही नोंद होती, ती एवढीच. खोदाईपूर्वी वाड्याचे फोटो, चिरांची रुंदी, जोत्याची पातळी यांतलं काहीही कुणी टिपलेलं नव्हतं. त्यामुळे ‘ही चीर जुनीच आहे’ या साइटवरच्या म्हणण्याला काकांच्या पेन्सिलीशिवाय उत्तर नव्हतं. रेघांच्या तारखा आणि डंपरच्या पावत्या शेजारी ठेवल्या तेव्हा चीर सर्वांत जास्त धावली तो आठवडा आणि उत्तरेची खोदाई तीन मीटरवर पोचली तो आठवडा एकच निघाला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला आणि रात्री उत्तरेच्या कडेचा चारेक मीटर लांबीचा लगदा खाली आला. कुणाला इजा झाली नाही. पण त्याच कडेच्या पायथ्याशी वॉचमनची पत्र्याची खोली होती आणि ढिगारा तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला होता. २९ जून २०१९ ला कोंढव्यात खोदाईलगतची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला होता. त्यानंतरही खड्ड्याच्या कडेला झोपड्या दिसतात, कारण सपाट मोकळी जागा तेवढीच उरलेली असते.

दुसऱ्या दिवशी काम थांबवण्याची नोटीस आली.

पडलेल्या भागात जमीन आतून पाहायला मिळाली. साडेतीन मीटरपर्यंत नुसता भराव: राख, कौलं, शेण-मातीचे थर, मध्ये नदीचा बारीक गाळ. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि पडलेल्या घरांचा राडारोडा पुष्कळ ठिकाणी तिथेच दाबला गेला. अशा भरावाला ना मुरमाची पकड, ना चिकणमातीचा चिवटपणा. नुसता दमट असताना तो उभा राहतो, कारण बारीक कणांमधला थोडा ओलावा त्याला तात्पुरतं धरून ठेवतो. पाणी भरलं की ती पकड जाते. मुरमाचंही तेच, फक्त उशिरा. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. मूळ खडकाच्या भेगा त्यात तशाच असतात आणि भेगांवर चिकणमातीचा पातळ लेप असतो. तो भिजला की फळीच्या फळी सुटते, आणि सुटण्याआधी फारशी पूर्वसूचना देत नाही.

पहिला निर्णय : पुढे जायचं की मागे

इथे खरा वाद झाला. कंत्राटदाराचं म्हणणं, “पंधरा दिवस द्या, खाली जाऊन राफ्ट टाकतो, भिंत चढवतो, मग कसली काळजी? आता भरून काढलं तर पावसाळा अंगावर येणार.” बोलण्यात तथ्य होतं. उघडा खड्डा पावसाळ्यात ठेवणं सगळ्यांत वाईट, हे आम्हालाही मान्य होतं.

आम्ही साइट ऑफिसातच कागदावर आकडेमोड केली. भरावाचा घर्षणकोन २८ अंश धरला, घनता घनमीटरला १८ किलोन्यूटन आणि शेजारच्या वाड्याचं वजन चौरस मीटरला २५ किलोन्यूटन. ५.५ मीटर खोलीला एका रनिंग मीटरमागे आडवा रेटा येतो जवळपास १५० किलोन्यूटन, म्हणजे १५ टन. त्यातला तिसरा हिस्सा एकट्या वाड्याच्या वजनाचा. मागे जमिनीखाली दोन मीटरपर्यंत पाणी चढलं तर यात आणखी चतुर्थांश भर. नुसत्या मातीच्या रेट्याचा मोमेंट, म्हणजे वाकवण्याचा जोर, खोलीच्या घनाप्रमाणे वाढतो. खोली दुप्पट केली की आठपट. तीन मीटरला जी कड एका पावसात बसली, ती साडेपाचला पंधरा दिवस थांबेल असं मानायला काहीच आधार नव्हता.

खड्डा उत्तर आणि पूर्व बाजूंना परत भरायचं ठरलं. बाहेर गेलेला मुरूम विकत परत आणावा लागला, यावर बिल्डरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. कडेला दीड मीटरपर्यंत भर घालून उतार दिला, पायथ्याला वाळूच्या पोत्यांची रांग रचली, वर ताडपत्री टाकली आणि गल्लीचं पाणी खड्ड्यात येऊ नये म्हणून काठावर विटांचा बांध घातला. वॉचमनची खोली दक्षिणेला हलवली. काकांच्या भिंतीला आतून-बाहेरून लाकडी धिरे दिले आणि चिरांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. चीर हलली की काच तडकते. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय खड्डा परत भरण्याचाच होता. तो झाला म्हणून पुढचं सगळं सावकाश विचार करून करता आलं.

त्याच आठवड्यात हद्दीलगत आणखी तीन बोअर घेतले. उत्तर-पूर्व कोपऱ्यातल्या बोअरमध्ये सात मीटरपर्यंत नुसता भराव आला. काकांच्या आईंनी वरच्या खिडकीतून सांगितलं, “अहो, तिथे आमचा दोघांचा आड होता, नळ आल्यावर बुजवला.” सामायिक आड, निम्मा इकडे निम्मा तिकडे. पेशवेकाळी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्याकडे आणलेल्या पाण्याचे भुयारी नळ आणि हौद पेठांतून ठिकठिकाणी आहेत, म्हणून त्याचीही चौकशी केली. इथे नळ निघाला नाही, आड निघाला.

पर्याय

उतार देऊन खोदणं कागदावर सर्वांत स्वस्त. पण एकास एक उतार म्हणजे साडेपाच मीटर खोलीला चहूबाजूंनी साडेपाच मीटर जागा जाणार. अठरा मीटर रुंदीच्या प्लॉटवर हा विचार तिथेच संपला. शीट पाइल, म्हणजे एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे ठोकत नेणं, नदीकाठच्या मऊ गाळात उत्तम; इथे ते जोत्याच्या पहिल्या दगडावर अडले असते, घट्ट मुरमात शिरलेच नसते, आणि ठोकण्याच्या हादऱ्याने मातीत बांधलेली भिंत उरली नसती. डायफ्राम वॉलची, म्हणजे खोल चर घेऊन भरलेल्या सलग काँक्रीट भिंतीची, यंत्रणाच गल्लीत मावत नाही. एकमेकांत कापलेल्या सिकंट पाइल पाणी अडवायला चांगल्या, पण त्यांनाही मोठं रोटरी मशिन हवं.

सॉइल नेलिंगचा पर्याय बराच वेळ टेबलावर होता. खोदत खाली जायचं, आडव्या भोकांत सळया घालून ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरायचं आणि दर्शनी भागावर जाळी व शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट. टेकडीच्या मुरमात मी तोच सुचवला असता. इथे मात्र सळया शेजारच्या वाड्याखाली चार-पाच मीटर जाणार. काकांनी विचारलं, “उद्या आम्ही आमचा वाडा पाडला तर तुमच्या सळया कोण काढणार?” याला उत्तर नव्हतं. शिवाय नेल बसवण्यासाठी प्रत्येक टप्प्याला मीटर-दीड मीटर उभी कड काही तास तशीच थांबावी लागते, आणि या भरावाने ते जमत नसल्याचं आधीच दाखवून दिलं होतं.

कायद्याची बाजूही इथे आली. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमाप्रमाणे प्रत्येक जमीनमालकाला शेजारच्या जमिनीकडून नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. हा मूळ हक्क मोकळ्या जमिनीचा; पण वीस वर्षं विनाखंड, विनातंटा हक्क म्हणून आधार घेत आलेल्या बांधकामालाही तो मिळतो. वाडा शंभरीचा. बिल्डरच्या वकिलांनी हे वाचून दाखवलं तेव्हापासून बैठकांमधला सूर बदलला.

उरले दोन पर्याय, आणि खरा काथ्याकूट त्यांच्यावर झाला.

पहिला, ४५० मिलिमीटर व्यासाच्या बोअर्ड कास्ट-इन-सिटू (भोक घेऊन जागेवरच काँक्रीट भरलेल्या) पाइल एकमेकींना जवळजवळ चिकटून, म्हणजे कंटिग्युअस पाइल वॉल. अशा पाइलला वाकण्याची ताकद चांगली. वर कॅपिंग बीम (पाइलची डोकी जोडणारी तुळई) आणि आधाराची एकच रांग दिली की भागतं. अडचण मशिनची. रोटरी रिगचं वजन चाळीस टनांच्या वर, गल्ली साडेतीन मीटर, डोक्यावर विजेच्या तारा. त्रिपॉड आणि विंचवर चालणारं जुनं मशिन आत आलं असतं, कंत्राटदार त्याच्याच बाजूचा होता आणि दरही निम्मा. पण त्रिपॉडला मुरमात शिरायला जड चिझल आपटत राहावं लागतं. हद्दीपासून हातभर अंतरावर, आधीच चीर गेलेल्या भिंतीशेजारी, दिवसभर ते आपटणं चालणार होतं.

दुसरा, मायक्रोपाइल. २५० मिलिमीटरचं भोक, मध्ये आय सेक्शन (इंग्रजी I आकाराची पोलादी तुळई), भोवती ग्राउट, दर ३५० मिलिमीटरला एक. मशिन छोटं, रबरी पट्ट्यांवर चालणारं, वाड्याच्या दिंडीएवढ्या जागेतून आत येतं. हादरे नगण्य. तोटा असा की अशी बारीक पाइल एकटी, खालून रोवलेल्या खांबासारखी, साडेपाच मीटर माती पेलूच शकत नाही. आधाराच्या दोन रांगा लागणार: पोलादी रेकर (तिरके टेकू), वेलर (टेकूंचा जोर पाइलवर वाटणाऱ्या आडव्या तुळया), जोडणी, वेल्डर. खोदाईत अडथळा आणि राफ्टच्या कामात तिपटीने कटकट. हे कोटेशन मूळ खोदाईच्या सगळ्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त होतं.

तिसरा पर्याय आर्किटेक्ट बाईंनी मांडला आणि सुरुवातीला कुणी तो ऐकूनच घेतला नाही: बेसमेंटच आखडा. उत्तरेची भिंत १.८ मीटर आत घ्या. चार गाड्यांची जागा जाते, ती तळमजल्यावर मेकॅनिकल पार्किंगमध्ये बसवू. त्याने वाडा आणि खड्डा यांच्यात मातीचा पट्टा राहतो, वाड्याच्या वजनाचा रेटा कमी होतो आणि मशिनला भिंतीला न खेटता उभं राहता येतं. बिल्डरने दोन बैठका ‘चार गाड्या म्हणजे चार फ्लॅटचं गिऱ्हाईक’ म्हणत टाळलं. शेवटी उत्तर बाजूच्या आधाराचा खर्च आणि चार गाड्यांची किंमत एकाच कागदावर मांडली, तेव्हा पटलं.

निर्णय असा झाला: उत्तरेला बेसमेंट आत, उत्तर आणि पूर्व बाजूंना मायक्रोपाइल आणि दोन रांगा रेकर, गल्लीकडे दर मीटरला आय सेक्शन रोवून मध्ये जाड लाकडी फळ्या, म्हणजे सोल्जर पाइल, दक्षिणेला शेजाऱ्यांच्या लेखी परवानगीने त्यांच्या परसात शिरणारा उतार, नंतर पूर्ववत करून द्यायच्या अटीवर. एका प्लॉटच्या चार बाजूंना तीन वेगळ्या पद्धती दिसायला विस्कळीत वाटतात, पण चारही बाजूंची अडचण मुळात वेगळी होती.

प्रत्यक्ष काम

ड्रिलिंग जुलैमध्ये, भरलेल्या पातळीवरूनच सुरू केलं. पाइल वरून मारायच्या असल्याने ते पावसात चालतं. खोदाई मात्र गणपती झाल्यावर. तशीही गल्लीत मांडव पडल्यावर डंपर आत येत नाही.

पहिल्याच दिवशी धडा मिळाला. डीटीएच, म्हणजे भोकाच्या तळाशी ठोकणारा, हातोडा दाबाच्या हवेवर चालतो. हवा चुरा वर फेकते. भोक दोन मीटरवर असताना काकांच्या स्वयंपाकघरातून हाक आली. मोरीच्या जाळीतून राखाडी धूळ फुस्स करून वर येत होती. भरावातल्या पोकळीतून हवेला जुन्या सांडपाण्याच्या पन्हळीची वाट सापडली होती. मशिन तिथेच थांबवलं. पुढे भरावातून जाताना ड्रिलबरोबरच केसिंग (भोकाला धरून ठेवणारी नळी) खाली नेत जायचं, हवेचा दाब कमी ठेवायचा आणि हातोडा मुरूम लागल्यावरच चालू करायचा, असं ठरलं. वेग निम्म्यावर आला. लगतची दोन भोकं एका दिवशी घ्यायची नाहीत, एकाआड एक घ्यायची, हा नियम आधीपासून होताच. ताज्या ग्राउटला चोवीस तास मिळतात.

ग्राउट किती लागतो यावर लक्ष होतं. आडाजवळच्या तीन भोकांनी हिशेबाच्या अडीचपट ग्राउट पिऊन टाकलं. तिथे आधी पातळ वाळू-सिमेंटचं मिश्रण सोडून पोकळी भरली आणि मग पुन्हा भोक घेतलं. आडाच्या जागी इमारतीचे दोन खांब येत होते. मशिन साइटवर होतंच, म्हणून त्या दोन खांबांखाली खडकात दोन मीटर शिरणाऱ्या मायक्रोपाइलचे गट आणि पाइल कॅप घेतली; बाकी इमारत राफ्टवर. एका पाइलची आयएस २९११ या भारतीय मानकाच्या चौथ्या भागाप्रमाणे रुटीन लोड टेस्ट केली: कामाच्या भाराच्या दीडपट भार, बसण्याची मर्यादा १२ मिलिमीटर. पाइल त्याच्या निम्म्यानेही बसली नाही. ज्या शहरात पाइल लागत नाही म्हणतात, तिथे त्या कोपऱ्यात पाइलच लागल्या.

खोदाईचा क्रम ड्रॉइंगवर आकडे घालून दिला आणि ते ड्रॉइंग पोकलेनच्या ऑपरेटरला समोर बसवून समजावलं. आधी वरचा कॅपिंग बीम. मग फक्त मधला भाग खोदायचा. उत्तर आणि पूर्वेला पाइलना टेकून मातीचा उतरता कठडा ठेवायचा. मधला राफ्ट भरायचा. राफ्टमध्ये सोडलेल्या ठोकळ्यांपासून कॅपिंग बीमपर्यंत तिरके रेकर लावायचे. कठडा अर्धा काढायचा, दुसरा वेलर आणि खालचे रेकर. मग उरलेला कठडा तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक, आणि प्रत्येक तुकडा निघाल्याबरोबर कडेचा राफ्ट. ऑपरेटरने शेवटी एकच विचारलं, “म्हणजे कडेची माती माझा शत्रू नाही तर.” त्याला नेमकं समजलं होतं.

पाइलमधल्या १०० मिलिमीटरच्या फटींवर जाळी आणि शॉटक्रीट मारलं, त्यात कापड गुंडाळलेल्या निचऱ्याच्या नळ्या सोडल्या. कॅपिंग बीमवर खुणा करून रोज सकाळी टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने हालचालीचं वाचन. ८ मिलिमीटरला सावध व्हायचं, १५ ला काम बंद. संपमधून, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खळग्यातून, उपसलेलं पाणी साइट इंजिनिअर काचेच्या बरणीत भरून ठेवायची. तासाभरात तळाशी बोटभर गाळ बसला की पंप थांबवून जाळी तपासायची. पाणी उपसताना बारीक कण निघून गेले तर शेजारच्या जोत्याखालची जमीन पोकळ होते आणि पाइलची भिंत त्यात काहीही करू शकत नाही.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस जोरात आला. पूर्वेचं वाचन ६ वरून दोन दिवसांत ९ वर गेलं. रेकर आणखी घट्ट करावेत असा एक सूर होता. आम्ही आधी निचऱ्याच्या नळ्या पाहिल्या: ओळीने चार कोरड्या. एवढ्या पावसात नळी कोरडी म्हणजे ती तुंबली आहे. त्या साफ केल्या, मध्ये आणखी सहा मारल्या. तासभर गढूळ आणि मग नितळ पाणी आलं. वाचन ९ वर थांबलं.

निष्पत्ती

राफ्ट जूनऐवजी दिवाळीनंतर पूर्ण झाला. उत्तरेची सर्वाधिक हालचाल ६ मिलिमीटर, पूर्वेची ९. वाड्यातल्या काचेच्या पट्ट्यांपैकी एक ड्रिलिंगच्या सुरुवातीला तडकली, बाकी शाबूत राहिल्या. वाड्याच्या चिरा चुन्याने शिवून, आतून गिलावा करून दिल्या. काकांच्या पेन्सिलीच्या रेघांचे फोटो या दुरुस्तीच्या करारनाम्याला जोडले आहेत. पूर्वेच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन फरश्या उचलल्या गेल्या, त्या बदलून दिल्या.

एक गोष्ट नीट झाली नाही. पाइलच्या भिंतीला चिकटून बेसमेंटची भिंत भरल्यामुळे बाहेरून काम करायला जागाच नव्हती. पुण्यात आपण बेसमेंटला बाहेरून शहाबादी फरशी लावून बॉक्स वॉटरप्रूफिंग करतो, ते तळाला झालं, उत्तर आणि पूर्वेच्या भिंतींना झालं नाही. त्यात वरचे रेकर भिंतीतून आरपार जात होते. ते काढल्यावर राहिलेले खिसे नंतर भरले गेले. पुढच्या पावसाळ्यात बरोबर त्या खिशांच्या रांगेत ओल उतरली. पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउटचं इंजेक्शन देऊन बहुतेक बंद झाली, ईशान्येच्या कोपऱ्यात दोन जागी अजून पाझरतं.

वेगळं काय करता आलं असतं

बोअर. मधल्या दोनाच्या जोडीला हद्दीवर दोन घेतले असते तर भराव आणि आड दोन्ही आधीच कळले असते. वाडा पाडायच्या आधी हद्दीवर मशिन लागत नाही ही सबब खरी आहे, पण मग पाडल्यावर आणि खोदाईच्या आधी एक आठवडा थांबायला हवं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना ‘इथे विहीर, आड, हौद काही होतं का’ हे विचारायला तर तेवढाही वेळ लागत नाही.

बेसमेंट आखडण्याचा विचार नकाशे मंजुरीला जाण्यापूर्वी व्हायला हवा होता. मेमध्ये तो केल्यामुळे सुधारित नकाशांत महिना गेला आणि पावसाळा अंगावर आला. बेसमेंटची रेघ आर्किटेक्ट पार्किंगच्या हिशेबाने मारतात. ती मारताना आधाराच्या पाइलची जाडी, वेलर आणि बाहेरून वॉटरप्रूफिंगची मोकळी जागा धरली तर सुमारे एक मीटर लागतो. तो इथे धरलेला नव्हता, आणि आजचा पाझर त्यातलाच आहे.

रेकरच्या जागेबाबत आमच्या ऑफिसात अजून दोन मतं आहेत. एक असं की वरची रांग भिंतीच्या माथ्याच्या वर नेली असती तर खिसे राहिलेच नसते. कॅपिंग बीम अर्धा मीटर उंच घ्यावा लागला असता, एवढंच. दुसरं असं की त्याने गल्लीच्या पातळीवर दुकानांच्या स्लॅबचं काम अडलं असतं आणि रेकर लवकर काढायचा दबाव आला असता, जो जास्त धोक्याचा. मी पहिल्या मताचा आहे.

आणि टेंडर. ‘आवश्यक तो आधार कंत्राटदाराने द्यावा’ ही ओळ असते तिथे खोदाईचा सर्वांत कमी दर तोच देतो, ज्याने आधार धरलेलाच नाही. या बिल्डरच्या पुढच्या कामात आधाराचं डिझाइन, रनिंग मीटरचा दर, शेजारच्या इमारतींची खोदाईपूर्व पाहणी आणि रोजचं वाचन या चार वेगळ्या बाबी बिलात आल्या आहेत. त्यातली पाहणी काढून टाकायचा आग्रह खरेदी विभागाने दोनदा धरला होता. सध्या ती टिकून आहे.